न्यायालय हवे, पण लवाद नेमताना

‘लवादात न्यायालयाने पडूच नये’ हे मत आता सर्रास ऐकू येते. पुरावा म्हणून दिल्ली मेट्रोच्या विमानतळ मार्गाचा वाद पुढे केला जातो. 2017 साली लवादाने खासगी कंपनीच्या बाजूने सुमारे 2,782 कोटींचा निवाडा दिला. उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने तो राखला, खंडपीठाने फिरवला. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उचलून धरला, फेरविचारही नाकारला. आणि 2024 मध्ये क्युरेटिव्ह याचिकेवर, म्हणजे फेरविचारानंतरच्या शेवटच्या उपायावर, त्याच न्यायालयाने खंडपीठाचा निकाल कायम केला. सात वर्षांच्या या फरफटीचे समर्थन मी करणार नाही. पण त्यावरून ‘न्यायालयच नको’ असे निघत नाही.

या मताने एक गोष्ट गृहीत धरली आहे: दोन्ही पक्ष तुल्यबळ आहेत. ट्रकसाठी कर्ज घेणाऱ्या माणसाचा करार वाचा. छापील कलम सांगते, लवाद कंपनी नेमेल आणि सुनावणी कंपनीच्या शहरात होईल. हप्ते थकले की परराज्यातून इंग्रजी नोटीस येते. तारखेला जाणे परवडत नाही, निवाडा एकतर्फी होतो आणि त्याला हुकूमनाम्याचे बळ असल्याने जिल्हा न्यायालयात अंमलबजावणीची दरखास्त दाखल होऊन जप्ती दारात येते. निवाड्याला आव्हान द्यायला मुदत तीन महिने, सबळ कारण असल्यास आणखी तीस दिवस. तेही बहुधा त्याच दूरच्या शहरात. ‘सही केली होती ना?’ असे विचारणाऱ्यांनी सांगावे, ते कलम खोडून कर्ज कोणाला मिळते?

या माणसाला आधार दिला तो न्यायालयांनीच. वादात ज्याचा हितसंबंध आहे, त्याला एकट्याने लवाद नेमता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितले; 2024 मध्ये घटनापीठाने अशी नेमणूक समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली.

म्हणून माझे म्हणणे असे: लवाद कोण, त्याला कोणी नेमले, दुसऱ्या बाजूला खरोखर ऐकले का, एवढ्यापुरते न्यायालयाने कठोर असावे. निष्पक्ष लवादाने दोघांचे ऐकून दिलेल्या निवाड्याला मात्र हात लावू नये. एप्रिल 2025 मध्ये घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने निवाड्यात मर्यादित बदल करण्याचा अधिकार मान्य केला. न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी वेगळे मत नोंदवले, आणि मला तेच पटते. बदलाची वाट एकदा उघडली की प्रत्येक हरलेला पक्ष तिथे रांग लावणार, आणि रांगेत पुढे तोच असेल ज्याच्याकडे वकिलांची फौज आहे.

एकट्या कंपनीने नेमलेल्या लवादाच्या निवाड्याची अंमलबजावणी दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये नाकारली. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्हा न्यायालयाने जप्तीचा आदेश काढण्याआधी तेवढे एकच विचारावे: हा लवाद कोणी नेमला?