खिशातली ई-सिगारेट आणि विमानतळावरचा कायदा

पनवेल हे गाव पिढ्यान्‌पिढ्या वाटसरूंचे राहिले आहे. खाडीतून गलबते येत तेव्हा ते बंदर होते. मुंबई-पुणे रस्ता झाला तेव्हा घाटाकडे वळणाऱ्यांचा तो मोठा थांबा ठरला. गोव्याचा रस्ताही येथूनच फुटतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला प्रत्यक्ष वाहतुकीस खुल्या झालेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाने या वाटसरूंत आता हवाई प्रवाशांची भर घातली आहे. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय करण्याची या विमानतळाची क्षमता आहे. विमानतळ आला की जमिनीचे भाव, हॉटेले आणि नोकऱ्या यांची चर्चा होते आणि ती स्वाभाविकही आहे. परंतु आंतरराष्ट्रीय विमानतळाबरोबर देशाची सीमा गावाच्या वेशीवर येते आणि सीमेबरोबर सीमेचे कायदे येतात, याचा विचार फारसा होताना दिसत नाही. विजेवर चालणारी सिगारेट, जिला तरुण मंडळी ‘व्हेप’ म्हणतात, हे त्याचे एक लहानसे, पण बोलके उदाहरण आहे.

या वस्तूमुळे अडचणीत येणारा माणूस तस्कर असतोच असे नाही. तस्कराला कायदा पाठ असतो. अडचणीत येतो तो इंग्लंडात शिकावयास गेलेला आणि सुटीत घरी परतणारा विद्यार्थी, आखाती देशांत नोकरी करणारा रायगडचा तरुण, किंवा सिंगापूरला मुलीकडे निघालेला आणि सिगारेट सुटावी म्हणून कोणीतरी दिलेले यंत्र खिशात ठेवणारा निवृत्त कारकून. ब्रिटनमध्ये अठरा वर्षांवरील कोणासही ही वस्तू दुकानात उघड मिळते. धूम्रपान सोडण्याचे साधन म्हणून तेथील सरकारी आरोग्यसेवाच तिची भलावण करते. एकदाच वापरून फेकण्याच्या यंत्रांची विक्री मात्र तेथे १ जून २०२५ पासून बंद झाली आहे. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ मध्ये तिच्या विक्रीस परवानगी दिली. गंमत अशी की, त्याच २०१९ साली भारताने तिच्यावर बंदी घातली. दुबईहून मुंबईला यावयास विमानास अवघे तीन तास लागतात. तेवढ्या वेळात कायदेशीर वस्तू गुन्ह्याची वस्तू बनते.

भारतीय कायद्याचे शब्द नीट वाचले म्हणजे त्याची व्याप्ती ध्यानात येते. १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमाने आलेली ही बंदी त्याच वर्षाच्या डिसेंबरात अधिनियमात रूपांतरित झाली. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात या साऱ्यांना तिने मनाई केली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करण्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. यंत्रात निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ निर्माण करणारे प्रत्येक साधन या व्याख्येत येते. ‘माझ्या यंत्रात नुसता फळांचा स्वाद आहे’ ही सबब तेथे चालत नाही.

खरी मेख आहे ती आयात आणि निर्यात या दोन शब्दांत. सामान्य माणसाच्या मनात आयात म्हणजे जहाजातून उतरणारी खोकी आणि निर्यात म्हणजे व्यापाऱ्याची हुंडी. कायद्याच्या लेखी मात्र भारताबाहेरून भारतात आणणे ही आयात आणि भारतातून बाहेर नेणे ही निर्यात. एका नगाला किंवा स्वतःच्या वापरासाठी असलेल्या वस्तूला त्यात वेगळी सवलत नाही. म्हणजे विद्यार्थ्याच्या दप्तरातले एक यंत्र आणि कंटेनरभर माल यांत कायद्याच्या शब्दांपुरता तरी भेद उरत नाही. २०२२ मध्ये गुजरातेतील मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने कोट्यवधी रुपयांच्या ई-सिगारेटी पकडल्या. अशा व्यापाराला आळा घालण्यासाठी हे कलम हवेच. पण तेच कलम घरी येणाऱ्या मुलावरही लागू होते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. परत जाताना ती वस्तू बरोबर नेली तर आयातीच्या जोडीला निर्यातही पदरी पडते!

हवाई वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम तर याहून निराळीच गोष्ट सांगतात आणि प्रवाशाचा गोंधळ येथेच वाढतो. ९ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेत बोस्टनच्या विमानतळावर एका विमानाच्या सामानकक्षात ठेवलेल्या पेटीतील ई-सिगारेटने पेट घेतला आणि विमान रिकामे करावे लागले. पुढे ४ जानेवारी २०१५ रोजी लॉस एंजेलिस येथे पुढचे विमान चुकलेली एक पेटी सामानाच्या जागी जळताना आढळली. तिच्यातही हीच वस्तू होती. ती पेटी वेळेवर पोचती तर आग आकाशात लागली असती. यानंतर २०१५ मध्येच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ई-सिगारेट सामानकक्षात जाणाऱ्या पेटीत ठेवण्यास मनाई केली आणि ती प्रवाशाने स्वतःजवळच, कक्षात न्यावी, विमानात ती चार्ज करू नये, असा नियम केला.

या नियमामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. या यंत्रात लिथियमची बॅटरी असते आणि तिच्या जोडीला तापणारी तार. पेटीतील कपड्यांच्या दाबाने कळ दाबली गेली तर तार तापू लागते. बॅटरीच्या आत दोष निर्माण झाला तर ती स्वतःच स्वतःला तापवत जाते आणि ही उष्णता शेजारच्या बॅटरीपर्यंत पोचते. सामानकक्षातील अग्निशामक वायू ज्वाला दाबू शकतो, पण बॅटरीच्या पोटातली ही उष्णता थांबवणे त्याला जमेलच असे नाही. तीच वस्तू प्रवाशाच्या हाताशी असेल तर धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. कक्षातील हवेचा दाब जमिनीवरील दाबापेक्षा कमी असल्याने द्रवाची कुपी गळते, ही आणखी एक पीडा. मात्र जवळ बाळगणे म्हणजे ओढण्याची मुभा नव्हे. ११ जुलै १९७३ रोजी पॅरिसजवळ ब्राझीलच्या विमानाच्या शौचालयात लागलेल्या आगीत १२३ माणसे गेली. कचऱ्याच्या पेटीत टाकलेले सिगारेटचे थोटूक हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले. शौचालयाच्या दाराजवळ आजही, धूम्रपानबंदी असूनही, राखेची वाटी ठेवली जाते ती याच धड्यामुळे. नियम मोडणारा निघणारच, तेव्हा त्याचे थोटूक कागदांत तरी पडू नये, एवढा व्यवहार विमान बांधणाऱ्यांनी शिकून घेतला.

येथे प्रवासी कैचीत सापडतो. ‘पेटीत ठेवू नका, हातात न्या’ असे जगभरचा नियम सांगतो. ‘हातात नाही आणि पेटीतही नाही’ असे भारताचा कायदा म्हणतो. परदेशी विमान कंपनीची सूचना वाचून निघालेला मुलगा प्रामाणिकपणे ती वस्तू सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये उघडी ठेवतो, लंडनला ती तपासणीतून सुटते आणि मुंबईला उतरल्यावर तीच वस्तू जप्तीस पात्र ठरते. तो खोटे बोललेला नसतो. त्याने नियमच पाळलेला असतो, मात्र तो नियम दुसऱ्या प्रश्नासाठी केलेला होता. विमानाची सुरक्षितता हा एक प्रश्न, देशातील प्रवेश हा दुसरा. हा भेद ज्यांचा रोजचा व्यवसाय आहे त्यांनाच उमगतो.

निघण्याच्या दिशेनेही तेच. सिंगापूरमध्ये १ फेब्रुवारी २०१८ पासून ई-सिगारेट विकत घेणे, वापरणे, नुसती जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून तेथील शिक्षा अधिक कडक झाल्या असून परदेशी माणसाचा परवाना रद्द होऊन त्याची हकालपट्टीही होऊ शकते. थायलंडमध्ये २०१४ पासून आयातीस बंदी आहे. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून ती औषधाच्या दुकानातूनच मिळते, पण प्रवाशाला स्वतःपुरती दोन यंत्रे आणता येतात. असा हा प्रत्येक देशाचा निराळा हिशेब. भारतीय प्रवाशाला त्यातून एकच सरळ वाट आहे : ही वस्तू घरून निघतानाच बरोबर घेऊ नये आणि परदेशात घेतली असेल तर ती परदेशातच सोडून यावी. निकोटिनची तलफ असह्य होणाऱ्यास निकोटिनचे च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते आणि विमानातही चालते.

मग ही बंदीच चुकीची होती काय? तसे म्हणण्यास आधार नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत असल्याचे दिसले आणि त्यांतील बहुसंख्य लोक तंबाखू ओढणारे नव्हे, तर खाणारे होते. धूर सोडण्यासाठी वाफ घ्यावी, हा ब्रिटनचा युक्तिवाद तंबाखू चघळणाऱ्या महाराष्ट्रास कितपत लागू पडतो, हा प्रश्नच आहे. शाळकरी वयाच्या मुलामुलींना आंब्याच्या आणि पुदिन्याच्या स्वादातून निकोटिनची चटक लागू देण्यात कोणाचेच हित नव्हते. पनवेल तालुक्यातच, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था उभी आहे. तंबाखूने केलेली हानी पाहण्यासाठी या तालुक्याला दूर जावे लागत नाही. मात्र त्याच तालुक्यात कोणत्याही टपरीवर सिगारेट राजरोस मिळते आणि २०१२ पासून राज्यात बंदी असलेला गुटखाही पूर्णपणे हटलेला नाही, हे पाहिल्यावर वाफेला कैद आणि धुराला परवाना हा न्याय पचनी पडण्यास जड जातो. सरकारने नव्या व्यसनाला दार बंद केले हे ठीक. जुन्याला दिलेले आसन मात्र तसेच आहे.

परंतु बंदी योग्य असली तरी ती अस्पष्ट असण्याचा तिला अधिकार नाही. अधिनियमाने मनाई केलेल्या कृत्यांत ‘वापर’ नाही. खिशातले एकच यंत्र हा ‘साठा’ होतो काय, हेही त्यात उघड सांगितलेले नाही. कोणत्याही स्वरूपात जवळ बाळगणे हा कायद्याचा भंगच, असा अर्थ आरोग्य मंत्रालयाने पुढे लावला. पण मंत्रालयाचा अर्थ म्हणजे संसदेचा शब्द नव्हे. संसदेतच या कायद्याचे काय होते, हेही देशाने पाहिले आहे : २०२५ च्या डिसेंबरात एक सदस्य सभागृहात ई-सिगारेट ओढीत असल्याची तक्रार लोकसभेच्या अध्यक्षांपुढे झाली. कायद्यात अशी धूसर जागा राहिली की तेथे सौदा सुरू होतो. २०२३ च्या जानेवारीत बँकॉकमध्ये तैवानच्या एका अभिनेत्रीकडून ई-सिगारेटच्या निमित्ताने पोलिसांनी २७ हजार बाट उकळल्याचे प्रकरण गाजले आणि संबंधित पोलिसांना कारवाईस सामोरे जावे लागले. परक्या मुलखात, रात्रीच्या वेळी, कैदेचे भय दाखविले तर कोणीही पैसे काढून देईल. असे प्रसंग आपल्याकडे घडू द्यावयाचे नसतील तर प्रवाशाला आपला हक्क आणि आपली मर्यादा दोन्ही आधीच ठाऊक हवीत.

हक्कही आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या ८० व्या कलमान्वये, प्रतिबंधित वस्तू आणणाऱ्या प्रवाशाने ती खरेपणाने जाहीर केली, तर त्याच्या विनंतीवरून अधिकारी ती तात्पुरती अडकवून ठेवू शकतात आणि देश सोडताना ती परत करू शकतात. अधिकाऱ्यांवर हे बंधन नाही, त्यांच्या विवेकावर ते अवलंबून आहे; आणि ई-सिगारेट परत देणे म्हणजे निर्यात होते काय, हा वाद कोणी वकील उकरून काढीलही. पण हिरव्या वाटेने निमूटपणे निघून जाताना पकडला जाणारा आणि लाल वाटेने जाऊन ‘माझ्याजवळ ही वस्तू आहे’ असे सांगणारा, या दोघांत कायद्याने फरक केला आहे, हे तरी विद्यार्थ्याला कळले पाहिजे.

ते त्याला कोठे कळणार? विमानाच्या तिकिटावर बारीक अक्षरांत, तेही इंग्रजीत? उलव्याच्या नव्या इमारतीत जागेची वाण नाही. आगमनाच्या वाटेवर, सीमाशुल्काच्या टेबलापूर्वी, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत ठळक फलक लावता येईल. त्याखाली एक पेटी ठेवता येईल, जीत ही वस्तू कोणतीही चौकशी न होता टाकून देता येईल. सिंगापूरसारख्या कठोर देशानेही शिक्षेविना वस्तू सोडून देण्यासाठी अशा पेट्या ठेवल्या आहेत. प्रस्थानाच्या बाजूसही तीच व्यवस्था हवी. आरोग्य मंत्रालयाने एका प्रवाशाजवळच्या एका यंत्राबद्दल जप्ती पुरेशी आहे की गुन्हा नोंदवावयाचा, हे अधिसूचनेने स्पष्ट करावे आणि गरज भासल्यास संसदेकडून कायद्यात दुरुस्ती करून घ्यावी. व्यापाऱ्याची कैद एका दिवसानेही कमी करण्याचे कारण नाही. परदेशी शिक्षणासाठी मुलांना प्रमाणपत्रे आणि शिफारसपत्रे देणाऱ्या महाविद्यालयांनीही त्या कागदांसोबत एक पानभर सूचना द्यावी : काय न्यावयाचे नाही, काय आणावयाचे नाही आणि चुकून आणलेच तर कोणत्या वाटेने बाहेर पडावयाचे.