डोळे निवू देत

भर वैशाखातील दुपारी उन्हातून चालत आलेला माणूस देवळाच्या गाभाऱ्यापाशी उभा राहिला, म्हणजे त्याला प्रथम दिसते ती केवळ समईची ज्योत. मूर्ती दिसत नाही, पुजारी दिसत नाहीत, पायाखालची पायरीही दिसत नाही. लहानपणी आमची आजी उंबरठ्यावरच हात धरून थांबवीत असे आणि म्हणत असे, "थांब जरा, डोळे निवू देत." मग थोड्या वेळाने काळ्या पाषाणाची मूर्ती हळूहळू अंधारातून पुढे येई. त्या मधल्या मिनिटांत डोळ्यांत नेमके काय घडते, हा प्रश्न आजीला कधी पडला नसावा. परंतु त्याच प्रश्नामागे शास्त्रज्ञांच्या काही पिढ्या खपल्या, आणि त्याचे उत्तर सापडल्यामुळे जन्मापासून अंधारात चाचपडणाऱ्या काही मुलांना आज मंद उजेडात वाट दिसू लागली आहे. ह्या महिन्यात त्याचीच हकीकत सांगावयाची आहे.

अंधारात बुबुळामधील बाहुली मोठी होते, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण ते काम काही सेकंदांत आटोपते आणि त्यामुळे आत येणारा प्रकाश फार तर पंधरा-सोळा पटींनी वाढतो. खरे काम चालते ते डोळ्याच्या मागील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर. तेथे प्रत्येक डोळ्यात सुमारे १२ कोटी दंडाकार पेशी असतात. मंद उजेडात पाहण्याची जबाबदारी त्यांची. अशा एकेका पेशीत रोडॉप्सिन नावाच्या प्रथिनाचे कोट्यवधी रेणू दाटीने बसविलेले असतात.

१८७६ मध्ये फ्रान्झ बोल ह्या जर्मन शास्त्रज्ञाला बेडकाच्या ताज्या दृष्टिपटलावर तांबूस रंग दिसला आणि उजेडात तो पाहता पाहता फिका पडला. पुढे हायडेलबर्गच्या विल्हेल्म क्यूने ह्यांनी ह्याचा कसून पाठपुरावा केला. त्यांना असे आढळले, की फिकट झालेले दृष्टिपटल त्याच्या मागील काळसर अस्तराला चिकटलेले असेल तर अंधारात त्याचा रंग परत येतो, आणि अस्तरापासून सोडविले तर येत नाही. रंग उडविणारा उजेड; पण तो परत आणणारे काहीतरी त्या अस्तरात आहे, एवढा सुगावा तेव्हाच लागला होता. ते 'काहीतरी' हाती लागण्यास मात्र सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली.

१९३३ मध्ये जॉर्ज वॉल्ड ह्या तरुण अमेरिकन संशोधकाला दृष्टिपटलात जीवनसत्त्व 'अ' सापडले. रातांधळेपणाचा आणि आहाराचा संबंध वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होता. सुश्रुतसंहितेतही नक्तांध्यावर प्राण्यांच्या यकृताचा उपयोग सांगितला आहे. यकृतात ह्या जीवनसत्त्वाचा साठा असतो, हे आज आपण जाणतो. वॉल्ड आणि त्यांच्या सहकारी, पुढे पत्नी, रूथ हबर्ड ह्यांनी हार्वर्ड विद्यापीठात दाखवून दिले, की जीवनसत्त्व 'अ'पासून बनणारा रेटिनल नावाचा छोटा रेणू रोडॉप्सिनच्या पोटात वाकून बसलेला असतो. प्रकाशाचा कण आदळला की तो सरळ होतो. पाहण्याच्या साऱ्या व्यापारात प्रकाशाचे काम एवढेच! वाकलेले सरळ करणे. पुढचे सारे शरीर आपल्या आपण करते. वॉल्ड ह्यांना १९६७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

हे सरळ होणे किती वेगाने घडते, ते १९९१ मध्ये मोजले गेले. एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागाच्या सुमारे पाचव्या हिश्शात ते उरकते. उलट प्रकाश नसेल, तर हाच रेणू शेकडो वर्षे न हलता बसू शकतो. इतका तत्पर आणि तरीही इतका स्थिर पहारेकरी बनतो कसा, हे कळण्यासाठी प्रथिनाची प्रत्यक्ष घडण पाहणे आवश्यक होते.

ते काम सोपे नव्हते. प्रथिनाची घडण पाहण्याची प्रस्थापित रीत म्हणजे त्याचे स्फटिक बनवून त्यांवर क्ष-किरण सोडणे. परंतु रोडॉप्सिन पेशीच्या स्निग्ध आवरणात रुतलेले असते. पाण्यात ते विरघळत नाही, आणि उजेड लागताच त्याचे रूप पालटते. म्हणून गुरांच्या डोळ्यांतून काढलेले हे प्रथिन अंधाऱ्या खोलीत, मंद तांबड्या दिव्याखाली हाताळावे लागे. कारण तांबडा प्रकाश त्याला फारसा जाणवत नाही. प्रकाश ओळखणाऱ्या वस्तूचा अभ्यास असा अंधारात झाला. मूळचे पोलंडचे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले क्षिश्तोफ पाल्चेव्स्की आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २००० मध्ये ही रचना प्रसिद्ध केली. ३४८ अमिनो आम्लांची एक साखळी, तिचे आवरणातून आरपार जाणारे सात पिळदार खांब, आणि त्यांच्या मधोमध कुशीत घेतल्यासारखा तो वाकलेला रेटिनल. रक्तदाबावरील आणि ॲलर्जीवरील कित्येक परिचित औषधे ज्या प्रथिनांवर काम करतात, ती ह्याच सात खांबांच्या कुळातील. त्या कुळाचे एवढे बारकाईने टिपलेले हे पहिले चित्र.

पण सरळ झालेल्या रेटिनलचे पुढे काय? तो आता त्या कुशीत मावत नाही. प्रथिनातून सुटून, काही पायऱ्या पार करून, तो मागील अस्तरात जातो, तेथे पुन्हा वाकविला जातो आणि परत पेशीत येऊन बसतो. वाकविण्याचे हे काम करणारे विकर, म्हणजे मुले शाळेत ज्याला एन्झाइम म्हणतात ते, आरपीई ६५ ह्या नावाचे प्रथिन आहे, असे २००५ मध्ये निश्चित झाले. क्यूने ह्यांचे 'काहीतरी' ते हेच. त्याची रचना पाल्चेव्स्की ह्यांच्याच गटाने २००९ मध्ये उलगडली: पंख्याच्या पात्यांसारख्या सात घड्या आणि मध्यभागी लोहाचा एकच अणू. उन्हात अफाट संख्येने सरळ झालेले रेटिनल हे विकर एकेक करून वाकवीत बसते. म्हणूनच गाभाऱ्याच्या दारात थांबावे लागते. डोळे पुरते निवण्यास अर्धा तास आणि कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो.

हे विकरच जन्मतः सदोष असेल तर? अशी मुले तान्हेपणीच उजेडाकडे टक लावून पाहतात, सांज झाली की अडखळतात, आणि पुढे दिवसाची दृष्टीही गमावतात. त्यांना कितीही जीवनसत्त्व 'अ' दिले तरी उपयोग होत नाही. माल आहे, पण कारागीर नाही. ह्या दोषामुळे अंध असलेल्या ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांना, ह्या जनुकाची निर्दोष प्रत निरुपद्रवी विषाणूच्या साहाय्याने दृष्टिपटलाखाली पोहोचवून, पुन्हा दिसू लागल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांवरील पहिले प्रयोग २००७ मध्ये सुरू झाले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत ह्या उपचाराला मान्यता मिळाली. मंद उजेडात अडथळ्यांची वाट चालून दाखविणे, ही त्यांची परीक्षा होती. संपूर्ण दृष्टी ह्याने येत नाही. जिवंत पेशी उरल्या असतील तरच गुण येतो. शिवाय प्रारंभी दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर ठेवण्यात आली. ज्ञान सर्वांचे झाले, तरी औषध सर्वांचे होण्यास वेळ लागतो, ही खंत येथेही आहेच.

हा दोष माता आणि पिता ह्या दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच प्रकट होतो. त्यामुळे जवळच्या नात्यातील विवाहांत त्याचा संभव वाढतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्यांतील ज्या घरांत आहे, त्यांनी हे मनात ठेवावे. कोणाला दोष देण्यासाठी नव्हे. वेळीच सल्ला घेण्यासाठी.

ह्याच्या तुलनेने जीवनसत्त्व 'अ'च्या अभावाने येणारा रातांधळेपणा किती स्वस्तात टळतो! बालकांना हे जीवनसत्त्व पाजण्याची राष्ट्रीय योजना आपल्याकडे १९७० मध्ये सुरू झाली. शेवग्याचा पाला, मेथी, अळू, लाल भोपळा, गाजर, पपई, पिकलेला आंबा ह्यांतून शरीर ते स्वतः बनविते; मात्र जेवणात चमचाभर तेल-तूप असावे, कारण ते स्निग्धांशासवेच अंगी लागते. गोळ्या मात्र आपल्या मनाने घेऊ नयेत, विशेषतः गरोदरपणी. ह्या जीवनसत्त्वाचा अतिरेकही अपाय करतो. आणि मूल तिन्हीसांजेला उंबऱ्याशी ठेचकाळत असेल, तर त्याला धांदरट म्हणून रागावण्यापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे.

आता नातवंडांना घेऊन देवळात जाण्याचा योग येतो, तेव्हा उंबरठ्यावर मीही त्यांना हात धरून थांबविते. "आजी, आपण का थांबलो?" असे ती विचारतात. आमच्या आजीपाशी ह्याचे उत्तर नव्हते. माझ्यापाशी आता आहे. पण ते सांगून होण्याच्या आतच त्यांना मूर्ती दिसू लागते, आणि ती हात सोडवून पुढे पळतात.