सड्यावरच्या विमानांना छप्पर हवे

मे संपत आला की कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार होड्या वाळूवर ओढून घेतात आणि झावळ्यांनी शाकारून ठेवतात. पाऊस आणि खारा वारा काय करतो, हे त्यांना कुणी सांगावे लागत नाही. बोगमाळोच्या वाटेवर, वर सड्यावर, भारतीय नौदलाची जुनी विमाने मात्र बारा महिने उघड्यावर उभी असतात. दाबोळी विमानतळाजवळचे हे नौदल हवाई संग्रहालय 1998 मध्ये सुरू झाले. गोव्याला येणाऱ्या किती मराठी कुटुंबांच्या बेतात ते असते? समुद्र, देवळे, चर्च पाहून मंडळी परततात, आणि एक मोठा ठेवा मागे राहून जातो.

आवारात नजर आधी जाते ती सुपर कॉन्स्टेलेशनकडे. चार इंजिने, मधेच फुगून निमुळते होत जाणारे माशासारखे धूड आणि शेपटीवर उभी तीन पाती. एअर इंडियाने या जातीच्या आपल्या विमानांना ‘रानी’ची नावे दिली होती. तिथली प्रवासी सेवा संपल्यावर ती हवाई दलाकडे गेली आणि 1976 मध्ये नौदलाकडे आली, समुद्रावर टेहळणी करायला. दाबोळीला ही जात आधीपासून ठाऊक होती. गोवा मुक्तीच्या कारवाईत, 18 डिसेंबर 1961 रोजी, भारतीय हवाई दलाच्या बॉम्बफेकीने दाबोळीची धावपट्टी खिळखिळी झाली. त्याच रात्री एक पोर्तुगीज सुपर कॉन्स्टेलेशन तिच्या शाबूत राहिलेल्या तुकड्यावरून उडाले आणि कराचीला निघून गेले.

त्या मानाने सी हॉक हे लढाऊ विमान लहानखुरे. पण जवळ जाऊन पाहावे ते हेच. पंख मधोमध मोडून वर दुमडता येतील असे सांधे त्याला आहेत, कारण जहाजावर जागा नसते. शेपटीखाली एक लोखंडी आकडा आहे. विमानवाहू जहाज विक्रांतच्या डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी एक या आकड्यात अडकली की विमान काही क्षणांत थांबायचे. हुकली तर वैमानिकाला पुन्हा आकाश गाठावे लागायचे. बांगलादेश युद्धात, 4 डिसेंबर 1971 रोजी, विक्रांतवरून उडालेल्या सी हॉकनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले चढवले. तेव्हा विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेले होते आणि जहाज पूर्ण वेगाने धावू शकत नव्हते. ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपते. तो आकडा पाहिलेल्या मुलाला ती जन्मभर लक्षात राहते.

खुद्द ते जुने विक्रांत आता पाहायला मिळत नाही. 1997 मध्ये निवृत्त झालेले हे जहाज मुंबईत अनेक वर्षे संग्रहालय म्हणून उभे होते. ते जपण्याच्या चर्चा झाल्या, पैसा उभा राहिला नाही, आणि 2014 मध्ये ते मोडीत निघाले. त्याच्या पोलादाचा काही भाग पुण्याच्या बजाजने मोटारसायकलीच्या टाकीत वापरला. म्हणूनच आवारातल्या, त्या डेकवरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांचे मोल दुप्पट झाले आहे.

विमानाचा पत्रा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. तो लोखंडासारखा तांबडा गंजत नाही, त्यामुळे दुखणे उशिरा दिसते. खारट ओल रिवेटच्या डोक्याखाली आणि सांध्यांत शिरते. अॅल्युमिनियमला जिथे पोलाद भिडते, तिथे ती ओल दोन धातूंमध्ये विजेचा बारीक प्रवाह सुरू करते आणि अॅल्युमिनियम झिजू लागतो. वर रंगाला फुगे येतात, पांढरी भुकटी दिसते. आत पत्र्याचे पापुद्रे सुटतात. रंगाचा नवा हात दिला तरी आतले काम चालूच राहते. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि इथे समुद्र तर हाकेच्या अंतरावर.

उघड्यावर ठेवण्याची किंमत अमेरिकेने मोजून पाहिली आहे. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारे ‘एनोला गे’ विमान 1953 ते 1960 अँड्र्यूज हवाई तळावर उघड्यावर पडून होते. पाऊस, पक्षी आणि आठवण म्हणून भाग काढून नेणारे लोक यांनी त्याची दुर्दशा केली. 1984 मध्ये सुरू झालेल्या त्याच्या दुरुस्तीला सुमारे तीन लाख तास लागले. आज ते व्हर्जिनियातल्या उद्वार-हेझी केंद्रात छपराखाली आहे. उदाहरणासाठी एवढे लांब जायलाही नको. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात वापिटी हे आपल्या हवाई दलाचे अगदी पहिल्या काळातले विमान हँगरमध्ये सुरक्षित आहे.

सगळ्या विमानांसाठी हँगर एका वर्षात उभा राहणार नाही, हे मान्य. सुपर कॉन्स्टेलेशनचे पंखच साडेसदतीस मीटर लांब. पण आवारात शॉर्ट सीलँडही आहे, पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारे, 1953 मध्ये नौदलाच्या हवाई शाखेचा श्रीगणेशा करणारे. या जातीची विमाने जगात बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. त्याचे पंख जेमतेम अठरा मीटर. तीन बाजूंनी बंद, वारा आणि झड अडवणारी एक चांगली शेड त्याला पुरेल. केंद्राने, गोवा सरकारने किंवा दाबोळीच्या प्रवाशांवर चालणाऱ्या पर्यटन व्यवसायाने ती उभारावी, आणि कामाला सुरुवात सीलँडपासून करावी, पुढचा पाऊस लागण्याआधी.