सर्व्हर अडकला, भरपाई मुलांनीच करायची?

25 मार्च 2023, रमजानचा दुसरा रोजा. एमबीएच्या सीईटीची पहिली पाळी सुरू झाली आणि राज्यातल्या काही केंद्रांवर संगणक अडकले. 150 मिनिटांत 200 प्रश्न, त्यात पाच मिनिटं गेली तरी पर्सेंटाईल घसरते. काहींना जादा वेळ मिळाल्याच्याही तक्रारी झाल्या. गाजावाजा झाला तेव्हा सीईटी कक्षाने 6 मे रोजी फेरपरीक्षा घेतली.

तक्रारी झाल्या म्हणून फेरपरीक्षा झाली, हे आपण विसरतो. तळोजा, पनवेलहून केंद्रावर जाणारी आपली मुलं-मुली स्क्रीन बंद पडली तरी गप्प बसतात. घरी अम्मी म्हणते, "नसीब, बेटा, जाऊ दे." नसिबाचं अल्लाह जाणे, सर्व्हर तर माणसांनीच लावलेला असतो ना! तिथेच हात वर करा, पर्यवेक्षकाला वेळ नोंदवायला सांगा, संध्याकाळपर्यंत सीईटी कक्षाला लेखी कळवा. क्लासची फी भरायला अब्बांनी केलेला ओव्हरटाईम कोणी परत देणार नाही.

आणि सीईटी कक्षाला आमचा सवाल: कोणाला प्रत्यक्षात किती मिनिटं मिळाली, ही संगणकातली नोंद निकालासोबत उमेदवाराच्या हातात द्यायला अडचण काय आहे?