रस्ता कुणाच्या बापाचा?

सांगली-मिरज रस्त्यावर दिवसाढवळ्या मोठे ट्रक सोडायचे का बंद करायचे, हा प्रश्न निघाला की दोन जातीची माणसं तावातावानं बोलायला लागतात. एक बंगलेवाला. त्याला ट्रकचा आवाज नको, धूर नको, गेटसमोर चिखल नको. तो म्हणतो, समदे ट्रक गावाबाहेर हाकला. दुसरा आडतवाला, ट्रान्सपोर्टवाला. तो म्हणतो, ट्रक अडवला तर बाजार बसेल, महागाई होईल, गोरगरीब मरतील. गोरगरिबांची आठवण ह्याला एरवी कधी होत नाही. ट्रक अडवायची भाषा सुरू झाली की लगेच होते.

दोघंही बोलताना दोन माणसं विसरतात. एक चाकाखाली येणारा आणि दुसरा चाक फिरवणारा. दोस्तहो, ही दोन्ही माणसं बहुतेक वेळा आपल्यातली असतात. म्हणून ह्या प्रश्नावर आपण गप्प बसून चालणार नाही. बंगलेवाल्याच्या मागं जायचं नाही आणि आडतवाल्याच्याही मागं जायचं नाही. आपलं म्हणणं आपण मांडायचं.

माझं म्हणणं सरळ आहे. गर्दीच्या वेळी शहरातल्या रस्त्यावर मोठा ट्रक बंद झालाच पाहिजे. पण त्या बंदीचा भुर्दंड ड्रायव्हरनं आणि हमालानं भरायचा नाही. ज्याचा माल, ज्याचा नफा, त्यानं भरायचा.

विश्रामबाग आपल्याला नवीन नाही. ह्या एकाच रस्त्याच्या अंगानं विलिंग्डन कॉलेज आहे, वालचंद कॉलेज आहे, शाळा आहेत, दवाखाने आहेत, विश्रामबागचं रेल्वे स्टेशन आहे. पुढं विजयनगरला कलेक्टर कचेरी. एका बाजूला मार्केट यार्डात हळद, बेदाणा, गूळ. वरच्या अंगाला कुपवाडची एमआयडीसी. पलीकडं मिरज जंक्शन. हंगामात ऊसाच्या ट्रॉल्या. म्हंजे सायकलवरची पोरगी, कामाला निघालेली मोलकरीण, एसटी धरायला पळणारा म्हातारा, हातगाडीवाला आणि पंचवीस-तीस टनांचा ट्रक, सगळे एकाच डांबरावर. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड एका महापालिकेत घातले. कागदावर तीन गावं एक झाली. त्या तीन गावांच्या माणसांनी रोज चालायचं कुठून, ह्याचा विचार मात्र कागदावर आला नाही. फुटपाथ असला तर त्यावर गाड्या उभ्या, नसला तर गटाराच्या काठानं चाला.

आता मरतं कोण ते बघा. केंद्र सरकारचाच हिशेब आहे. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात दुचाकीवरची ७४,८९७. पायी चालणारी ३२,८२५. दोन्ही मिळून शंभरातली चौसष्ट. ही सगळी ट्रकखालीच गेली असं मी म्हणत नाही. पण मोटारीत काचा लावून बसलेला वाचतो आणि उघड्या अंगाचा मरतो, एवढं ह्या आकड्यातून स्वच्छ दिसतं. पायी कोण चालतं? ज्याच्याकडं गाडी नाही तो. पहाटे रस्ता झाडायला कोण उभं असतं? कोण उभं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. झाडू हातात कुणाच्या दिलाय हे ह्या देशात विचारायची गरज पडत नाही.

कुणी म्हणेल, बंदी घालता येत नाही, व्यवहार अडतो. मग सांगलीच्या आयर्विन पुलाकडं बोट दाखवा. १९२९ साली बांधून झालेला पूल. म्हातारा झाला म्हणून त्याच्यावरनं अवजड वाहनं बंद केली. तेव्हा बाजार बुडला नाही. हळद सडली नाही. ट्रक दुसऱ्या पुलानं गेले. पुलाचं आयुष्य वाचवायला बंदी चालते आणि माणसाचं आयुष्य वाचवायला बंदी म्हटली की अर्थशास्त्र आठवतं. दगडाला किंमत आहे, आपल्या हाडाला नाही. असलं कसलं अर्थशास्त्र?

कायदा पण नाही असं नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातलं ११५ कलम काढून वाचा. लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी एखाद्या रस्त्यावर ठराविक प्रकारची वाहनं बंद करायचा किंवा त्यांच्यावर निर्बंध घालायचा अधिकार सरकारला आणि सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. महिन्याभराचीच बंदी असेल तर राजपत्रात छापायचीसुद्धा गरज नाही, गावात जाहीर केलं की झालं. म्हंजे एक महिना करून बघायला कुणाची आडकाठी नाही. हत्यार टेबलाच्या खणात पडलेलं आहे. उचलायची दानत पाहिजे.

वजनाचं राजकारणही समजून घ्या. २०१८ साली केंद्र सरकारनं ट्रकच्या मालवजनाची मर्यादा वाढवली. तीन आसांच्या ट्रकला आधी ट्रक-माल धरून २५ टन चालायचे, ते साडेअठ्ठावीस केले. एका खेपेत जास्त माल, मालकाला जास्त पैका. रस्ता तोच, पूल तेच, ब्रेक मारणारा पाय तोच. अमेरिकेत १९५८ ते १९६० ह्या काळात रस्त्यावर ट्रक फिरवून फिरवून एक मोठा प्रयोग केला होता. त्यातून निघालं की आसावरचं वजन दुप्पट केलं तर रस्त्याची खराबी दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. म्हणून ओव्हरलोड ट्रक हा एका खेपेचा गुन्हा नाही. तो मागं खड्डा सोडून जातो. त्या खड्ड्यात महिन्यानं एखादा मोटारसायकलवाला पोरगा पडतो आणि पंचनाम्यात लिहितात, तोल गेला. ट्रकवाला तेव्हा कुठल्या कुठं गेलेला असतो. खड्डा बुजवायचे पैसे महापालिका देते, म्हंजे तुम्ही-आम्ही देतो. नफा खाजगी, खड्डा सार्वजनिक.

आता चाक फिरवणाऱ्याकडं या. मी गोदीत काम करतो. सांगली-तासगावची द्राक्षं आणि बेदाणा ज्या पेट्यांतून समुद्रापलीकडं जातो, तसल्या पेट्या आणणाऱ्या ट्रेलरच्या रांगा रोज बघतो. ड्रायव्हर रात्रभर गाडी हाकून आलेला असतो, मग रांगेत तासन्‌तास तिष्ठतो. संडास नाही, सावली नाही. बऱ्याच गाड्यांवर आता क्लीनरही नसतो, मालकानं तो पगार वाचवलेला असतो. एकटा माणूस उंच केबिनमध्ये. डाव्या अंगाला खाली कोण आलंय, ते त्याला काचेतून दिसत नाही. पूर्वी क्लीनर डोकं बाहेर काढून दार बडवायचा, ‘आने दे, आने दे’ म्हणायचा. तो दुसरा डोळा मालकानं काढून घेतला आणि अपघात झाला की पब्लिक पहिल्या डोळ्याला तुडवतं.

१९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली होती. पाच कामगारांच्या खालच्या धंद्याला तो आपोआप लागूच नव्हता. म्हंजे एका-दोन ट्रकांचा मालक मोकळा. आता तो कायदा २०२०च्या संहितेत मिसळून टाकलाय. पुस्तक बदललं, ड्रायव्हरची रात्र बदलली नाही. शिक्षा वाढवायला मात्र सरकारचा हात लगेच चालतो. २०२३च्या न्याय संहितेत १०६ (२) कलम घातलं. अपघात करून न कळवता पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत कैद. १ जानेवारी २०२४ ला देशभर ड्रायव्हरांनी चाकं थांबवली, पेट्रोल पंपावर रांगा लागल्या, तेव्हा सरकारला ड्रायव्हर नावाचा प्राणी दिसला. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, ते पोटकलम तेवढं बाजूला ठेवलं. जखमीला टाकून पळणं वाईटच, ह्यात वाद नाही. पण झोपेविना गाडी हाकायला लावणाऱ्या मालकाला किती वर्षं? त्याचं कलम कुठल्या पानावर आहे?

आपल्या लोकांना स्टेअरिंगचं मोल वेगळं आहे, तेही विसरू नका. १९०१ साली दहा वर्षांचे भीमराव भावंडांबरोबर साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडं निघाले. मसूर स्टेशनावर उतरले. पोरं महाराची आहेत कळल्यावर गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी एक तयार झाला. भाडं दुप्पट, आणि गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. १९२९ साली चाळीसगावला तेच. टांगेवाला महाराचा टांगा हाकेना, म्हणून वस्तीतल्या न शिकलेल्या माणसानं हाकला. चाक अडलं, बाबासाहेब खाली फेकले गेले, पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. गाडी कोण हाकणार, कुणाला बसवणार, रस्ता कुणाचा, हा ह्या देशात आधीपासून जातीचा प्रश्न आहे. मोटार आली, लायसन आलं, तेव्हा गावकीच्या कामातून सुटून आपली कितीक पोरं ड्रायव्हर झाली. पाटलाच्या वाड्यापेक्षा केबिन बरी वाटली. म्हणून ‘ट्रकवाले साले’ असं तोंड भरून म्हणणाऱ्याच्या सुरात आपण सूर मिसळायचा नाही.

आणि म्हणूनच नुसत्या बंदीनं मला समाधान नाही. नुसती बंदी म्हंजे काय होतं? सकाळी ट्रक नाक्यावर अडवला, ड्रायव्हर चार तास उन्हात. त्या चार तासांचे पैसे कोण देणार? कुणी नाही. उशीर झाला म्हणून भाड्यातून कापणार ते वेगळंच. मग बंदी उठली रे उठली की गेलेला वेळ भरून काढायला तो गाडी पळवणार. म्हंजे मरण आठाचं नवाला ढकललं एवढंच. माल रात्री उतरवायचा म्हटला की हमालानं रात्र जागायची, दिवसाच्याच दरात. आणि ट्रक वळवायचे कुठून? बायपासनं. बायपासच्या कडंला झोपड्या कुणाच्या असतात? बंगलेवाल्याच्या दारातलं मरण उचलून आपल्या दारात आणून ठेवणार असाल तर असली बंदी आम्हाला नको.

आडतवाला म्हणतो महागाई. बघू हिशेब. माल दुपारी बाराला पोचायचा तो रात्री नवाला पोचला म्हणून हळदीचं पोतं किती महाग होईल? हळद काय दूध आहे का नासायला? दूध, भाजी, औषध, अग्निशामक ह्यांना सूट द्या, कुणी नको म्हणत नाही. बाकीच्या मालाला घाई नसते, घाई असते ती खेपा वाढवायची.

दुसरीकडं काय करतात तेही कानावर असू द्या. लंडनमध्ये १९८५ पासून मोठ्या ट्रकना रात्री आणि सुट्टीच्या दिवशी ठराविक रस्तेच वापरावे लागतात, कशासाठी, तर लोकांची झोप मोडू नये म्हणून. २०२१ च्या मार्चपासून तिथं बारा टनांवरच्या ट्रकला ड्रायव्हरच्या जागेवरून बाहेरचं किती दिसतं ते तपासूनच शहरात सोडतात. दिसत कमी असेल तर कॅमेरे आणि सूचना देणारी यंत्रं मालकानं बसवायची. म्हंजे तिथं प्रश्न मालकाला विचारला गेला. आपल्याकडं १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा केला, ते चांगलं झालं. पण जुन्या भट्टीत बसून गाडी हाकणाऱ्याचं काय?

तेव्हा मागण्या ठरवू आणि त्या मागण्यांवर रस्त्यावर येऊ.

सांगली-मिरज रस्त्यावर सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी चार ते आठ मोठे ट्रक, ट्रेलर आणि ऊसाच्या जोडट्रॉल्या बंद. पहिला महिना करून बघा, मग राजपत्रात छापा.

शहराच्या दोन्ही तोंडांना ट्रकतळ. त्यात पाणी, संडास, झोपायला जागा, स्वस्त जेवण. तळ नाही तर बंदी नाही, असं नाही म्हणायचं. दोन्ही एकदम करा म्हणायचं.

थांबलेल्या तासांचा मोबदला माल पाठवणाऱ्यानं द्यायचा, आणि तो भाडेपावतीवर छापलेला पाहिजे. रात्रीच्या हमालीला वाढीव दर. १९६९चा माथाडी कायदा झोपलेल्यांसाठी केलेला नाही.

ओव्हरलोडचा दंड झाला तर तो माल भरणाऱ्याकडनं आणि मालकाकडनं वसूल करायचा, ड्रायव्हरच्या पगारातून कापायचा नाही. ट्रकच्या दोन्ही बाजूंना आडवे गार्ड आहेत का ते नाक्यावर तपासायचं.

फुटपाथ मोकळे करा, पण हातगाडीवाल्याला हाकलून नव्हे, त्यावरच्या मोटारी उचलून. आणि वळवलेला ट्रक ज्या वस्तीजवळनं जाईल, त्या वस्तीला आधी विचारा. तिथं गतिरोधक, दिवे आणि रस्ता ओलांडायची सोय आधी, ट्रक नंतर.

ह्याच जिल्ह्यातल्या वाटेगावातून अण्णाभाऊ साठे पोरवयात घरच्यांबरोबर पायी मुंबईला गेले. रस्ता पायी चालणाऱ्याचाच आहे, बाकीची चाकं मागनं आली. कलेक्टर कचेरी ह्याच रस्त्यावर आहे, निवेदन घेऊन जायला लांब जायचं नाही. जाताना ड्रायव्हरांना बरोबर घ्या, हमालांना घ्या, कॉलेजची पोरं-पोरी घ्या. बंगलेवाला आला तर त्यालाही घ्या, पण पुढं चालायला नको, मागं चालू दे.

जय भीम.