वजन ज्याचे, हवा त्याची

विजेवर चालणारी डोंगरी सायकल विकत घेतली की आपले काम संपले, पुढचे सारे यंत्र पाहून घेईल, अशी पुष्कळांची समजूत असते. माझीही तशीच होती. थोरल्या भावाने पैसे साठवून अशी एक सायकल घेतली. एका रविवारी ती मागून घेऊन मी राजहंसगडाकडील खडकाळ वाटेवर गेलो. चढ मोटारीच्या साह्याने सुखाने पार पडला. परंतु उतारावर पुढचे चाक दगडागणिक उसळू लागले आणि एका वळणावर पकड सुटून मी आडवा झालो. कोपर सोलले, ब्रेकची दांडी वाकली. “सस्पेन्शनच हलक्या प्रतीचे आहे, नवा चिमटा बसवू,” असे दादा म्हणाला. वस्तुतः दोष चिमट्याचा नव्हता. त्यातील हवा दुकानात दादाकडे पाहून अंदाजाने भरलेली होती. दादाचे वजन ८० किलो, माझे ५०!

सस्पेन्शन म्हणजे केवळ अंगाला सुख देणारी गादी नव्हे. चाक जमिनीला धरून राहिले तरच ब्रेक लागतो व वळण साधते. दगडावर चाक वर जाते, तसेच खड्ड्यात त्याला खालीही उतरावे लागते. त्यासाठी स्वार बसताच सस्पेन्शन थोडे दबले पाहिजे. या दबण्याला सॅग म्हणतात. पुढच्या चिमट्याला त्याच्या चालीच्या सुमारे २० टक्के आणि मागच्या शॉकला २५ ते ३० टक्के, हे सर्वसाधारण प्रमाण होय. चिमट्याची चाल १२० मिलिमीटर असेल, तर तो सुमारे २४ मिलिमीटर दबावा.

मोजणी अवघड नाही. शिरस्त्राण व पाठीवरील पिशवीसह सायकलवर बसावे, दुसऱ्याने आधार द्यावा. चिमट्याच्या नळीवरील रबरी कडे खाली सीलला टेकवावे, हिसका न देता उतरावे आणि कडे किती वर राहिले ते पट्टीने मोजावे. जास्त दबले तर हवा भरावी, कमी दबले तर सोडावी. याला नेहमीचा पंप चालत नाही. काटा असलेला लहान शॉकपंप लागतो. चिमट्यावर छापलेली कमाल मर्यादा मात्र कधीही ओलांडू नये.

विजेच्या सायकलीला ही काळजी अधिकच हवी. अशी सायकल बहुधा २० ते २५ किलोंची असते. मोटार पायडलांपाशी व बॅटरी सांगाड्यात असली, म्हणजे त्यांचाही भार सस्पेन्शनवरच येतो. म्हणून साध्या सायकलीचे आकडे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. शिवाय मोटार असल्यामुळे स्वार चढावरही बसूनच राहतो व भार मागे सरकतो. म्हणून मागचा शॉक बसूनच मोजावा.

त्यानंतर रिबाउंड, म्हणजे दबलेले सस्पेन्शन परत येण्याचा वेग. तो बहुधा तांबड्या बटणाने बदलता येतो. परतणे फार जलद झाले तर स्वार उडतो; फार सावकाश झाले तर ओळीने येणाऱ्या दगडांवर सस्पेन्शन सावरण्यापूर्वीच पुन्हा दबते आणि अखेर ताठर होते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बटणाचे खटके वहीत टिपावेत.

हे जाणत्या कारागिराचे काम, विद्यार्थ्यांनी त्यात हात घालू नये, असे कोणी म्हणेल. सील वा तेल बदलणे हे खचितच कारागिराचे काम. पण सायकलवर कोण बसणार हे त्याला कसे कळावे? म्हणून स्वाराला बसवून मोजल्याखेरीज दुकानदाराने सायकल हाती देऊ नये, आणि घेणाऱ्याने तसा आग्रह धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात एकच सायकल दोघे वापरत असतील, तर वहीत दोघांची दोन पाने असावीत.

आमच्या पहिल्या मोजणीत माझ्या वजनाने चिमटा अवघा १२ मिलिमीटर दबला. चौथ्या खेपेस २४ वर आला. पुढच्या रविवारी त्याच वळणावर चाक जमिनीला धरून राहिले. नव्या चिमट्याचा विचार दादाने सोडला. आता सायकल मागितली की किल्लीबरोबर तो पंप आणि वहीही हाती देतो.