दात पडला की जीभ तिथंच!

दोस्तांनो,

या आठवड्याच्या टपालात एक जाडजूड पाकीट होतं. आत वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी गच्च लिहिलेली. पत्र पाठवणारी मैत्रीण नववीत आहे. ‘माझं नाव छापू नकोस हं ताई,’ असं तिनं बजावलंय, म्हणून छापत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. तिच्या बाबांचं दुकान बंद पडलं. राहतं घर सोडून सगळे मामाकडे एका खोलीत राहायला आले. शाळा बदलली, मैत्रिणी सुटल्या. ती रोज रात्री डायरी लिहिते. पण डायरीत रोज रडगाणंच असतं, असं तीच म्हणते. पुढं लिहिते, ‘आई सारखी सांगते, ज्यांना डोक्यावर छप्परसुद्धा नाही त्यांच्याकडे बघ आणि देवाचे आभार मान. हे ऐकलं की मला आणखीनच राग येतो. ताई, मी कृतघ्न आहे का?’

नाही गं, मुळीच नाहीस! आपल्या पायात काटा रुतलाय आणि कुणी येऊन सांगितलं, ‘शेजारच्याचा तर पायच मोडलाय,’ तर काटा निघतो का? नाही ना? दुसऱ्याचं दुःख मोठं म्हणून आपलं लहान होत नाही. उलट, रडायचीसुद्धा चोरी होते. पण आईवरही रागावू नकोस. घर तिचंही सुटलंय. तिला धीर द्यायचा होता, जे सुचलं ते ती बोलली.

आता मनाची एक गंमत सांगते. लहानपणी दात पडल्यावर जीभ सारखी कुठं जायची, आठवतं? त्या खळग्यात! बाकीचे दात जागेवर आहेत, याकडे तिचं लक्षच नसतं. मनाचंही अगदी तसंच. दिवसभरात दहा गोष्टी सुरळीत होतात, अकरावी बिघडते, आणि रात्री अंथरुणावर आठवते ती अकरावीच. यात आपला दोष नाही बरं का. रानात राहणाऱ्या माणसाला झुडपातलं पिकलेलं बोर दिसलं नाही, तर फार बिघडत नव्हतं. पण वाघ दिसला नाही, तर खेळ खलास! म्हणून मन संकटावर नजर ठेवायला शिकलं असावं, असं मानसशास्त्रज्ञ म्हणतात.

त्यात आणखी एक खोड. मनाला चांगल्या गोष्टींची चटकन सवय होते. नवी सायकल आपण पहिला आठवडाभर दोन वेळा पुसतो. महिन्याभरात ती नुसती ‘सायकल’ होते. म्हणजे वाईट गोष्ट आपोआप लक्षात राहते, चांगली मात्र मुद्दाम टिपून ठेवावी लागते.

टिपून ठेवल्यानं खरंच फरक पडतो का? अमेरिकेतल्या रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या दोघांनी हे तपासून पाहिलं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात कॉलेजच्या मुलामुलींचे तीन गट होते. दहा आठवड्यांचा प्रयोग, लिहायचं आठवड्यातून एकदा. एका गटानं ज्यांबद्दल आभार वाटले अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यानं कटकटी, तिसऱ्यानं नुसतं काय काय घडलं ते. आभार लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य इतरांपेक्षा बरं वाटू लागलं, पुढच्या आठवड्याबद्दल जास्त आशा वाटू लागली. दुखण्याखुपण्याच्या तक्रारीही कमी झाल्या!

पुढं 2008 साली जेफ्री फ्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच प्रयोग सहावी-सातवीतल्या 221 मुलांवर केल्याचं प्रसिद्ध झालं. रोज लिहायचं, दोन आठवडे. आभार लिहिणारी मुलं शाळेवर जास्त खूश दिसली. तीन आठवड्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही. मात्र जादूची कांडी समजू नका हं. नंतर असे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा फायदा दिसला, पण बेताचा. रोज चालायला जाण्यानं प्रकृती सुधारते ना, तसा.

मलाही हे उशिराच कळलं. बारावीनंतर मी शिकायला घराबाहेर पडले. प्रॅक्टिकल संपवून यायला उशीर व्हायचा आणि खानावळ तर नवाला बंद. पण माझं ताट रोज झाकून ठेवलेलं असायचं. मी जेवायची आणि डायरीत लिहायची, ‘आज पुन्हा गार भाजी!’ एकदा खानावळीतल्या काकू आठवडाभर गावी गेल्या. पहिल्याच रात्री दाराला कुलूप. पाणी पिऊन झोपले, तेव्हा डोक्यात उजेड पडला. गार भाजी म्हणजे कुणीतरी आठवणीनं राखून ठेवलेली भाजी! काकू परत आल्यावर मी त्यांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अगं, ताट झाकायला काय मेहनत लागते?’ पण दुसऱ्या दिवसापासून भाजी गरम करून मिळायला लागली.

‘कृतज्ञ’ या शब्दाचा अर्थच बघा ना. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कुणी काय केलं हे जाणणं, एवढंच. ‘मला दुःख नाही’ असं म्हणणं त्यात कुठंच येत नाही.

आणि जाणायचं तर नेमकं जाणावं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खेड्यात बैलांची खांदेमळणी करतात, पाहिलीय? कोमट पाण्यानं बैलाचा खांदा धुऊन त्याला हळद आणि लोणी किंवा तूप चोळतात. सगळं सोडून खांदाच का? कारण वर्षभर जू त्याच जागी रुतलेलं असतं!

म्हणून डायरीत ‘आई चांगली आहे’ असं मोघम लिहू नका. ‘आज आईनं पावसात जाऊन माझी वही झेरॉक्स करून आणली,’ असं लिहा. रडगाणं बंद करायची गरज नाही. आधी ते पोटभर लिहा, मग खाली तीन ओळी या. रोज कंटाळा येत असेल, तर आठवड्यातून एकदा. एका प्रयोगात तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. गृहपाठ झाला की मजा जाते, दुसरं काय!

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. कुणी मारत असेल, त्रास देत असेल, तर तिथं आभारबिभार काही नाही. सरळ विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. आणि दोन-दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, असं झालं तर वहीवर विसंबू नका. घरी सांगा, डॉक्टरांकडे जा. टेली मानसचा 14416 आणि मुलांसाठीचा 1098, हे दोन्ही फोन नंबर फुकट आहेत आणि रात्रीही चालू असतात.

आता पुन्हा आपल्या मैत्रिणीकडे. अगं, तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर एक ओळ आहे. ‘मामेबहिणीनं तिच्या कपाटाचा वरचा खण मला रिकामा करून दिला.’ पुढच्याच ओळीत तू पुन्हा जुन्या शाळेकडे वळलीस. त्या खणातल्या तिच्या वस्तू आता कुठं असतील गं? ते जाऊन बघ. आज रात्री डायरीतली पहिली ओळ ती लिही. जमलं तर तिला सांगसुद्धा. असं बोलायला अवघड वाटतं, पण समोरच्याला आपल्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त आनंद होतो, हेही तपासून पाहिलेलं आहे.

आणि बाकीच्यांनो, या आठवड्याचा उपक्रम तोच. तुमच्यासाठी कुणीतरी रोज काहीतरी ‘झाकून’ ठेवतंय. कोण, ते शोधा आणि मला कळवा. वाट बघते.

तुमची,
ताई